नांवाविण आवाज

गेल्या वैशाखांत आमच्या गव्हाणास शेजारच्या घरीं हळद होती. पनवेल तालुक्यांतील आमच्या आगरी-कोळी गांवांतून हळदीची रात्र ही लग्नाच्या दिवसाहून मोठी मानतात. आणि त्या रात्रीं मांडवाच्या कडेला ध्वनिक्षेपकांची जी भिंत उभी राहते तिच्यापुढें, महाविद्यालयांत तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसाच्या अभिरुचीला कांहींएक किंमत उरत नाहीं. मीहि निमूटपणें खुर्चीवर बसलों होतों. मध्यरात्रीच्या सुमारास गिटार आणि ढोल यांच्या धडाडणाऱ्या तालावर एक गाणें सुरू झालें, आणि त्या गदारोळांतून अकस्मात् एका वृद्ध स्त्रीचा आवाज वर आला. वाद्यें क्षणभर खालीं उतरलीं. त्या आवाजानें धवल्याची एक ओळ म्हटली. पुन्हां तीच ओळ, पुन्हां तीच. आणि मग ढोल तिच्यावर कोसळले. पोरें बेभान होऊन नाचलीं. खरें सांगावयाचें तर माझाहि पाय हालला.

माझ्या शेजारीं ऐंशीच्या घरांतील एक आजी बसल्या होत्या. पूर्ववयांत त्या स्वतः धवलारीण होत्या. म्हणजे लग्नाचा एकेक विधि धवले गाऊन पार पाडण्यासाठीं त्यांना गांवोगांव बोलावणें येत असे. त्यांनीं डीजे चालविणाऱ्या मुलाला हाक मारली. हा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. आजींनीं विचारलें, "ही कोन रं गाते?" मुलगा मोठ्या विनयानें म्हणाला, "आजी, कोन नाय, सॅम्पल हाय."

या उत्तरांत त्याचा दोष मुळींच नव्हता. त्यानें आपल्या धंद्यांतला शब्द सांगितला. परंतु 'कोण?' या प्रश्नाला 'कोणी नाहीं' असें उत्तर येतें, आणि तो आवाज तर आपल्या कानांत अजून घुमत असतो, ही गोष्ट मला त्या रात्रीं झोंप लागूं देईना. तेव्हां या विषयाचा एकदां नीट विचार करावा असें ठरविलें.

सॅम्पल म्हणजे काय हें, ज्या वाचकांच्या घरीं तरुण मुलें नाहींत, त्यांच्यासाठीं सांगतों. आधीं कोठेंतरी मुद्रित झालेल्या आवाजाचा एक तुकडा कापून घ्यावयाचा. तो हवा तितक्या वेळां फिरवावयाचा. त्याची पट्टी चढवावयाची अगर उतरवावयाची. आणि भिंतींत वीट बसवावी तसा तो आपल्या गाण्यांत बसवावयाचा. पूर्वीं हें काम ध्वनिफितीला कात्री लावून करीत. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट नांवाचें यंत्र निघालें, तेव्हांपासून तें कळ दाबून होऊं लागलें. आज तें खिशांतल्या फोनवर होतें. वाद्याचा तुकडा घेतला तर फारसें कांहीं बिघडत नाहीं. ढोलाचा ठोका हा अखेर ढोलाचाच. माणसाच्या कंठाची गोष्ट निराळी; तेथें स्वराबरोबर माणूसहि येतो. आणि रॉक संगीतांत तर हा प्रश्न अधिकच टोंचतो, कारण त्या संगीताचा सारा अभिमान 'हा मी गातों आहें' या एका उद्गारावर उभा आहे. ज्या कलेंत गाणाऱ्यानें स्वतःच्या घशाची पर्वा न करतां ओरडावें हाच धर्म, तिनें दुसऱ्याचा कंठ उसना घ्यावा हें कुतूहलाचें आहे.

इंग्रजीच्या प्राध्यापकाला याचें जुनें उदाहरण आठवावें तें शेक्सपिअरचें, यांत नवल नाहीं. बीटल्स मंडळींचें 'आय ॲम द वॉलरस' हें गाणें १९६७ चें. त्याचें अखेरचें मिश्रण चाललें असतां चालू रेडिओच गाण्यांत सोडावा अशी कल्पना निघाली. त्या वेळीं बी. बी. सी. वर 'किंग लियर'चा प्रयोग लागला होता. आणि चौथ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशांतील ऑस्वाल्डच्या मरणाचीं वाक्यें त्या गाण्याच्या शेंवटास कायमचीं चिकटून बसलीं. ऑस्वाल्ड हा नाटकांतला एक हलका, खुशामती चाकर. वर्गांत मीं त्याच्या मरणावर कधीं पांच मिनिटेंहि खर्च केलीं नाहींत. परंतु जाणूनबुजून अर्थहीन केलेल्या शब्दांच्या त्या गोंगाटांत तो मरतांना ऐकूं आला कीं अंगावर कांटा उभा राहतो. असें कां व्हावें? माझ्या मतें याचें कारण असें, कीं तो आवाज गाण्यांत विरघळत नाहीं. तो एका दुसऱ्या कथेंतून आलेला आहे, ती कथा आपल्याला ठाऊक आहे किंवा शोधतां येते, आणि म्हणून तो गाण्याशीं झगडत राहतो. उसन्या आवाजाच्या उपयोगाची खरी कसोटी मला येथेंच सांपडली: घेतलेला आवाज नव्या गाण्याला विरोध करूं शकतो कीं नाहीं?

पुढें १९८१ सालीं ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न या दोघांनीं 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' ही ध्वनिमुद्रिका काढली. हें नांवहि उसनेंच. तें नायजेरियन कादंबरीकार अमोस टुटुओला यांच्या १९५४ च्या कादंबरीचें. या मुद्रिकेंत दोघांपैकीं कोणीहि गात नाहीं. रेडिओवरचे उपदेशक, भूत उतरविणारा एक मांत्रिक, लेबनानच्या डोंगरांतील एक गायिका, अशा पराव्या आवाजांभोंवतीं त्यांनीं ताल रचले. श्रवणाच्या दृष्टीनें ही विलक्षण कृति आहे, आणि आजहि ती शिळी वाटत नाहीं. तिच्या वेष्टनावर कोणता आवाज कोठून घेतला हें छापलेलें होतें. जेथें नांव ठाऊक नव्हतें तेथें 'अज्ञात' असें प्रांजलपणें लिहिलें होतें. तरीहि तिच्या इतिहासांत एक मासलेवाईक गोष्ट आहे. कॅथरिन कुल्मन या प्रसिद्ध धर्मोपदेशिकेच्या मृत्यूनंतर तिच्या वारसांनीं तिचा आवाज वापरण्यास परवानगी नाकारली, तेव्हां तें गाणें दुसरा आवाज घालून पुन्हां रचावें लागलें. कुराणपठणाचा उपयोग केलेल्या एका गाण्यास ब्रिटनमधील मुस्लिम संस्थेनें हरकत घेतली, तेव्हां पुढील आवृत्तींतून तें काढून टाकण्यांत आलें. म्हणजे ज्या आवाजाच्या पाठीशीं वारस आहेत, संस्था आहे, त्याला 'नाहीं' म्हणतां येतें. ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं तो आवाज गाण्यांतच राहतो.

याच्या पुढची पायरी मोबी या अमेरिकन संगीतकाराच्या १९९९ च्या 'प्ले' या संग्रहांत दिसते. व्हेरा हॉल ही अलाबामांतील एक कृष्णवर्णीय स्त्री. लोकांच्या घरीं स्वयंपाक आणि धुणें करून तिनें पोट भरलें. लोमॅक्स पितापुत्रांनीं तिचीं गाणीं मुद्रित करून ठेविलीं, म्हणून तिचा कंठ आपल्याला ऐकावयास मिळतो. १९६४ सालीं ती वारली. पस्तीस वर्षांनीं तिच्या एका दुःखाच्या गाण्याचा तुकडा मोबीनें 'नॅचरल ब्लूज' मध्यें घातला. तिचें नांव बारीक अक्षरांत छापलें आहे, हें खरें; तेवढा न्याय त्यानें केला. परंतु कान काय सांगतो? पियानोचे मऊ स्वर, संथ ठोका, आणि त्यांवर तिची तीच ओळ, फिरून फिरून, धुक्यांत दिसणाऱ्या दिव्यासारखी. मूळ गाण्यांत ती ओळ दुसऱ्या ओळीकडे जात होती. दुःख सांगून झाल्यावर देवाशीं बोलत होती. येथें तें दुःख कोठेंच जात नाहीं. तें सुखद होऊन बसतें. या संग्रहांतील एकूण एक गाणें जाहिरातींना, चित्रपटांना वा दूरचित्रवाणीला विकलें गेलें ही प्रसिद्ध गोष्ट आहे, आणि मला तिचें आश्चर्य वाटत नाहीं. ज्या आवाजाची विरोध करण्याची शक्ति काढून घेतली, तो कोणत्याहि मालाशेजारीं शोभतो.

आतां घरच्या गोष्टीकडे वळूं. मंगेशकर भगिनींच्या बाबतींत जगाच्या संगीतानें पांच वर्षांच्या अंतरानें दोन अगदीं उलट गोष्टी केल्या, आणि त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे माझें म्हणणें स्पष्ट होतें. १९९७ सालीं इंग्लंडांतील कॉर्नरशॉप या रॉक मंडळीनें 'ब्रिमफुल ऑफ आशा' हें गाणें काढलें. तिचा प्रमुख तजिंदर सिंग हा इंग्लंडांत वाढलेला पंजाबी वंशाचा तरुण. या गाण्यांत आशाबाईंचा एक स्वरहि घेतलेला नाहीं. आहे तें केवळ त्यांचें नांव, लताबाईंचें आणि रफींचें नांव, आणि पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवरचें एका मुलाचें प्रेम. नॉर्मन कुक यानें त्याला नवा ताल दिला, आणि १९९८ च्या फेब्रुवारींत तें ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर गेलें. ज्यांनीं आशाबाईंना कधीं ऐकलें नव्हतें अशा लाखों लोकांनीं त्यांचें नांव म्हटलें. 'आशा' या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून गाण्यांतील श्लेषाची अर्धी गंमत बुडाली असेल, असो.

दुसरी गोष्ट २००२ ची. अमेरिकेंत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचें 'ॲडिक्टिव्ह' हें गाणें गाजलें. काटेकोरपणें पाहतां तें रॉक नव्हे, परंतु वर्गीकरणाचा तराजू येथें बाजूस ठेवूं. त्या गाण्याचा सारा कणा म्हणजे १९८१ च्या 'ज्योति' या हिंदी चित्रपटासाठीं लताबाईंनीं गायिलेल्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्याचा मोठा तुकडा. वाद लॉस अँजेलिसच्या न्यायालयांत गेला, आणि २००३ च्या आरंभीं न्यायालयानें संगीतकार बप्पी लाहिरी यांचें नांव घातल्याखेरीज मुद्रिका विकूं नये असा तात्पुरता हुकूम दिला. हुकूम योग्यच होता. पण वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: भांडण झालें तें संगीतकाराच्या नांवासाठीं आणि ध्वनिमुद्रण कंपनीच्या हक्कासाठीं. ज्या कंठामुळें तें गाणें विकलें गेलें त्या कंठाचें नांव हा त्या वादाचा विषयच नव्हता. एका ठिकाणीं आवाजाविना नांव, दुसऱ्या ठिकाणीं नांवाविना आवाज. आणि कलेच्या दृष्टीनें पाहिलें तरी पहिलेंच गाणें श्रेष्ठ ठरतें. दुसऱ्यांत लताबाईंचे शब्द कोणाला समजावेत अशी अपेक्षाच नाहीं. त्या शब्दांचा आणि इंग्रजी शब्दांचा कांहींएक संबंध नाहीं. तो कंठ तेथें एखाद्या सतारीच्या तारेसारखा, पूर्वेकडील मसाल्यासारखा वापरला आहे. गोड लागतो, हें मी नाकारीत नाहीं. मसालाहि गोड लागतोच.

यांत दैवाची एक विचित्र पुनरावृत्ति आहे. १९४९ सालीं 'महल' चित्रपटांतील खेमचंद प्रकाश यांनीं बांधलेलें 'आयेगा आनेवाला' हें गाणें निघालें, तेव्हां तबकडीवर गायिकेचें नांव 'कामिनी' असें छापलें होतें. कामिनी हें पडद्यावर मधुबालेनें रंगविलेल्या पात्राचें नांव! रेडिओवर गाणें लागूं लागलें आणि श्रोत्यांनीं विचारणा सुरू केली कीं ही गाणारी कोण. तेव्हां कोठें लता मंगेशकर हें नांव सांगण्यांत आलें. कोणी कायदा केला नव्हता, कोणी खटला भरला नव्हता. आवाजच असा होता कीं ऐकणाऱ्याला प्रश्न विचारल्यावांचून राहवेना. मला तर असें वाटतें कीं चांगलें ऐकणें हें 'कोण?' या प्रश्नाशीं येऊन पोहोंचतेंच. हळदीच्या मांडवांत त्या रात्रीं खऱ्या अर्थानें गाणें ऐकलें तें एका आजींनीं. आम्ही बाकीचे नाचत होतों.

या ठिकाणीं माझा तो विद्यार्थी मला अडवील हें मी जाणतों. तो म्हणेल, "सर, लोकगीताला कर्ता नसतो असें तुम्हींच वर्गांत शिकविलें. धवला कोणी रचला हें कोणालाच ठाऊक नाहीं. मग नांव घालूं तरी कोणाचें?" आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला मीं बरेच दिवस उत्तर शोधलें. उत्तर असें, कीं रचणारी अनामिक असते, गाणारी कधींच नसते. धवलारणीला बोलावणें येतें तें नांवानें. तिला साडीचोळी देतात ती नांव घेऊन. अमकीच्या गळ्यावांचून आमच्या घरीं हळद लागणार नाहीं, असें म्हणणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. फार कशाला, हा धवला मराठींत जिच्यापासून लिखित रूपानें दिसतो ती तेराव्या शतकांतील महानुभाव कवयित्री महदंबा; गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळांत तिनें धवळे गायिले, आणि सातशें वर्षें उलटून गेलीं तरी ते महदंबेचे धवळे म्हणूनच ओळखले जातात. आमच्या संतांनीं तर अभंगाच्या अखेरच्या चरणांतच आपली नाममुद्रा ओंवून ठेविली. ज्याला अभंग गावयाचा त्याला तुकोबांचें, जनाबाईचें नांव घेतल्याशिवाय गाणें संपवितांच येत नाहीं. यांत अहंकार नव्हता; ऐकणाऱ्याची सोय होती.

यंत्रयुगाच्या आरंभींहि ही चाल होती. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या शेंवटीं ती स्वतःच आपलें नांव इंग्रजींत सांगते. सांगतात तें असें, कीं तबकडी जर्मनींत तयार होत असे, आणि तेथील कारागिरांना कोणाचें गाणें हें कळावें म्हणून ही योजना होती. कारण कांहीं असो, गाण्याच्या शेंवटीं बाई ठसक्यानें नांव सांगते, आणि शंभर वर्षांनीं आपण तिला विसरूं शकत नाहीं. सॅम्पलची कात्री मात्र नेमकी मधला भाग घेते. दोन्ही टोंकें गळतात, आणि नांव सामान्यतः टोंकालाच असतें.

कायद्याची गति मंद असली तरी तो या दिशेनें सरकला आहे. आपल्या १९५७ च्या कायद्यांत गाणाऱ्याला स्वतंत्र स्थान १९९४ सालीं मिळालें, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें 'हें मीं गायिलें आहे' असें सांगण्याचा नैतिक हक्कहि मिळाला. त्यांत एक पळवाट ठेविलेली आहे: वापराच्या रीतीमुळेंच नांव वगळणें भाग पडत असेल तर अपवाद. दोन सेकंदांचा तुकडा वापरणारा या खिंडींतून सहज निसटेल. आणि २०२५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाला आशाबाईंच्या आवाजाची कृत्रिम बुद्धीच्या यंत्रानें नक्कल करण्यास अंतरिम मनाई करावी लागली; म्हणजे आतां तुकडा कापण्याचीहि गरज उरलेली नाहीं. परंतु न्यायालयांत जाणें आशाबाईंना शक्य होतें. आमच्या धवलारणीला कोणत्या दाराशीं जातां येईल?

म्हणून मला कायद्यापेक्षां दोन प्रत्यक्ष उदाहरणांची किंमत अधिक वाटते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्यांपैकीं पुष्कळ गायिकांच्या कंठांतून मुद्रितहि केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण संग्रहानें त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आहे. तेथें ओवीबरोबर गाणारीचें नांव आणि तिचें गांव येतें. दळतांना आपण काय म्हणतों हें कोणी लिहून घेईल असें ज्यांना स्वप्नांतहि वाटलें नसेल अशा त्या बाया! त्यांची ओवी वाचतांना मला ती अमक्या गांवच्या अमकीची म्हणून ऐकूं येते, आणि तिचा अर्थ बदलतो. दुसरें उदाहरण इंदूरच्या मराठी घरांतील संगीतकार स्नेहा खानवलकर यांचें. २०१२ सालीं 'साउंड ट्रिपिन' या मालिकेंत त्या गांवोगांव हिंडल्या, आणि माणसांचे व यंत्रांचे आवाज टिपून त्यांचीं गाणीं रचलीं. तुकडे कापले त्यांनींहि. पण पंजाबांत ज्यांच्याकडून गाणें घेतलें त्या नूरां भगिनी त्याच गाण्यांत तोंड वर करून गातात, आणि संगीतकाराचा ताल त्यांच्या मागून धांवतो. रॉकवाल्यांनीं शिकावें असें तेथें पुष्कळ आहे.

म्हणजे नांव हें केवळ सौजन्य नव्हे, केवळ हक्कहि नव्हे. तो ऐकण्याचाच एक भाग आहे, असें माझें मत. नांव कळलें कीं आवाजाला वय येतें, गांव येतो, मागचीं-पुढचीं माणसें येतात, आणि त्याच्यापुढें वाजणाऱ्या गिटारला जबाब द्यावा लागतो. गिटार चांगली असेल तर ती तो देईल. हळदीच्या त्या गाण्यांत ताल बांधणाऱ्याच्या हातीं गुण आहे, हें मी येथें मुद्दाम नमूद करतों. म्हणूनच ही चुटपुट.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मुलगा माझ्याकडे आला. रात्रीचा प्रश्न त्यालाहि लागून राहिला होता असें दिसलें. त्यानें तो तुकडा एका मित्राकडून घेतला होता. मित्रानें कोणा दुसऱ्याच्या फोनवरून. त्यापलीकडे उरणच्या बाजूचें कोणाचेंसें लग्न, एवढाच माग लागला. आम्ही दोघे आजींकडे गेलों. त्यानें फोनवर ती ओळ लावली. आजींनीं दोनदां ऐकली, आणि मग पुढच्या ओळी स्वतःच म्हणूं लागल्या. आवाज फाटला होता, पण चाल तीच. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्या थांबल्या आणि मुलाकडे पाहून म्हणाल्या, "हितं नवरीचं नांव येतं. तू कापलंस त्याच्या आदीच. नांव नाय घेतलं तं हळद कुनाला लागली रं?"

मुलानें फोन खिशांत घातला नाहीं. तो तसाच हातांत धरून त्यानें आजींना विचारलें, कालच्या नवरीचें नांव घालून ती ओळ त्या म्हणतील काय. आजी म्हणाल्या, आधीं चहा घे.